पालथा पेला

रॉक्सबरो हॉटेल, आबू
फेब्रुवारी १९५२

प्रिय बाय इझाबेल,

कागद बघून दचकू नकोस. वर सोनेरी अक्षरांत हॉटेलचं नाव, खाली निळ्या डोंगराचं चित्र, असले कागद इथे खोलीतल्या टेबलाच्या खणात गठ्ठ्याने ठेवलेले असतात. पाहुण्यांनी ते वापरायचेच असतात, ही बातमी आपल्या शेजारच्या तुळशीदासाने आल्या आल्या काढून आणली आणि तेव्हापासून त्याने निम्म्या भुईगावाला पत्रं लिहिली आहेत. मी आज पहिलंच लिहितोय. सकाळपासून नुसता बसतो आणि उठतो. इथली खुर्ची इतकी मऊ की माणूस बसला की आत जातो, आणि आत गेला की मला घाबरायला होतं. शेवटी व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहायला घेतलंय. अक्षर वेडंवाकडं आलं तर तो दोष कठड्याचा.

आम्ही दोघे बरे आहोत. तुळशीदास माझ्याहून बरा आहे. थंडी फार आहे, पण तू जबरदस्तीने बांधून दिलेली घोंगडी कामाला आली, म्हणजे ती बांधताना मी जी कुरकुर केली ती मागे घेतो. पश्चिमेच्या कडेच्या राजेळी केळींना टेकू लावायचे राहिले होते, ते धर्मा गड्याकडून लावून घे. बैलाच्या खुराला तेल लावतेस ना? हे सगळं तुला सांगायची गरज नाही, मला माहीत आहे. वाडीचं माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं. पण हात रिकामे असले की मला वाडीच आठवते, आणि इथे हात फारच रिकामे आहेत.

निघताना तू काय म्हणालीस ते मी विसरलेलो नाही. तांगा हलला तेव्हा दांडी धरून चार पावलं बरोबर चाललीस आणि हळूच म्हणालीस, "बा, बगून या, पन पानी नका पिऊ." तुळशीदासाने ऐकलं आणि तो वसई रोडपर्यंत गप्प बसला, म्हणजे बघ. आपल्या घराण्याची ही जुनी रीत. मुलीसाठी घर बघायला गेलेला माणूस होकार मनात पक्का होईपर्यंत त्या घरचं अन्नपाणी तोंडाला लावत नाही. पाणी प्यायलं की शब्द दिला. मग फादरांना सांगायचं, देवळात नावं पुकारायची, मांडवाचं बघायचं. नाही प्यायलं तर कोणी कोणाला काही विचारत नाही. माणूस तहानेला घरी येतो आणि सगळ्यांना काय ते कळतं. निर्मळच्या स्थळाहून मी तसाच आलो, नंदाखालच्या स्थळाहूनही तसाच. दोन्ही वेळा तू भरलेला तांब्या घेऊन विहिरीवर उभी होतीस. मी घटाघटा प्यायलो आणि तू हसलीस. ते हसू मला पुरतं कळतं असं मी समजत होतो.

आणि खरं सांगतो, यावेळी निघताना तुझं ते बोलणं ऐकून माझ्या जिवाला बरं वाटलं. आबू म्हणजे काय शेजार आहे? आधी अहमदाबाद, तिथून छोटी गाडी, आबूरोडला उतरून मग घाट चढणारी मोटार. पोरगी तिथे दिली तर वर्षातून एकदा, तीही दिसली तर दिसली. तेरेसाने हे स्थळ आणलं तेव्हाच मी तिला म्हणालो होतो की अगं, तू माझी बहीण आहेस की वैरीण? पण बहिणीचा मान राखायला बघून तर यावं लागतं. म्हणून आलो. नाही म्हणायच्या तयारीनेच आलो, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

आता घर बघायचं म्हणजे काय बघायचं, हीच पहिली पंचाईत. ज्याचं हे स्थळ, त्या बॅप्टिस्टचे आईबाप तो लहान असतानाच गेले, पापडीला त्यांचं घर उरलं नाही, आणि गडी जिथे पावाची भट्टी पेटवतो तिथेच राहतो. म्हणजे त्याचं घर बघायचं तर हे हॉटेल बघायचं. बाय, आपल्या भुईगावातली सगळी घरं उचलून आत ठेवली तरी मागे अंगणभर जागा उरेल एवढं ते आहे. साहेबलोकांनी उन्हाळ्यात हवा खायला बांधलं. लढाईत इथे जखमी सोल्जरांचं इस्पितळ होतं. साहेब गेले आणि सिंधकडून आलेली माणसं येऊन राहिली. ज्या दालनात पूर्वी नाच व्हायचे तिथे त्यांनी पडदे बांधून संसार मांडले, चुली पेटवल्या, त्यात पोरं जन्मली. ती माणसंही पुढे गेली, मग माकडं राहिली. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका शेठने ते विकत घेतलं, छप्पर नवं घातलं, झुंबरं पुसली, साहेबांच्या वेळचं जसं होतं तसं पुन्हा उभं केलं आणि गेल्या दिवाळीत उघडलं.

मॅनेजरने आम्हाला सगळं हिंडून दाखवलं. त्याला आपल्या पाववाल्याचा भारी अभिमान. तो सागवानी जिना दाखवत होता आणि मी विचारलं, विहीर कुठे आहे? तो थोडा गोंधळला. मग त्याने मला न्हाणीघरात नेऊन सिंहाचे पाय असलेलं ते पांढरं घंगाळ दाखवलं, ज्यात माणूस झोपून अंघोळ करतो. मी म्हणालो, हे नव्हे, विहीर. सोयरीक जुळवताना आधी विहीर बघायची, मग चूल, मग छप्पर, मग देवाचा आल्तार, आणि शेवटी शेजार. माझ्या बापाने मला असंच शिकवलं आणि त्या क्रमाबाहेर माझं डोकं चालत नाही. मॅनेजरला वाटलं की मी म्युनिसिपालटीकडून तपासणीला आलोय. त्याने घाबरून मला पाण्याची टाकी दाखवली, गाळणी दाखवली, गटारंसुद्धा दाखवली. तुळशीदास मागे पोट धरून हसत होता. शेजारी म्हणून आमच्या पलीकडच्या खोलीत एक म्हातारी मड्डम राहते. सगळे साहेब गेले तरी ती मागे राहिली, कुत्रं घेऊन उन्हात बसते. तुळशीदासाने तिला आपल्या हिंदीत विचारलं की पाव करणारा माणूस कसा आहे? तिने न्याहारीच्या ताटलीतला पावाचा तुकडा रुमालातून काढून दाखवला आणि पुन्हा जपून गुंडाळून ठेवला. नंतर खायला.

जेवणाचं दालन तर विचारू नकोस. पांढऱ्या चादरी, चांदीचे काटे, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात काचेचा उंच पेला. आम्ही पहिल्यांदा बसलो तेव्हा माझ्यापुढचा पेला पालथा होता. मला वाटलं, चुकून राहिला असेल. बेअरा आला, त्याने तो सुलटा केला आणि पाणी ओतायला जग वाकवला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बॅप्टिस्ट आला, बेअऱ्याच्या कानात काही बोलला आणि पेला उचलून पुन्हा पालथा ठेवून निघून गेला. माझ्याकडे पाहिलंही नाही. तो आपल्याकडचा आहे ना, त्याला रीत ठाऊक. त्यानंतर रोज हेच चाललंय. बेअरा विसरून सुलटा करतो, हा येऊन पालथा करतो. एकदाही त्याने मला पाणी विचारलं नाही, चहा विचारला नाही, पावाचा तुकडा पुढे केला नाही. मी ताटापुढे हात बांधून बसतो आणि तुळशीदास माझ्या वाटणीचं मटण खातो, वर दुधाचा गोड पदार्थ मागून घेतो. तो काही मुलीचा बाप नाही, त्याला कसली रीत! म्हणतो, पास्कल, तू सावकाश विचार कर, मला घाई नाही.

जेवणं उरकली की मी डोंगर उतरून बाजारात जातो. तिथे एक चहावाला आहे, त्याच्या बाकावर बसून पाणी पितो, चहा पितो, तू दिलेल्या भाकऱ्या संपल्यावर त्याच्याकडचेच फरसाण खातो, आणि पुन्हा डोंगर चढतो. त्याने मला विचारलं की उतरलात कुठे? मी रॉक्सबरो म्हणालो तर त्याने माझ्या पायातल्या वहाणांकडे पाहिलं आणि आणखी एक चहा दिला. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. वर-खाली, वर-खाली, माझे सगळे दिवस असेच गेले. गुडघे बोलायला लागलेत. पण खोलीत बसवत नाही आणि बाजारातही रमत नाही.

तुझ्या आईच्या बापाची आठवण येते. मला बघायला तो राजोडीहून चालत आला होता, वैशाखातल्या भर दुपारी. आपल्या ओट्यावर बसला. माझ्या आईने तांब्या-पेला आणून ठेवला, पेला पालथा, आणि ती आत गेली. मी माळ्यावर लपून फटीतून बघत होतो. म्हाताऱ्याचे ओठ सुकलेले मला वरून दिसत होते. तो विहिरीत डोकावला, रहाटाला हात लावून आला, गोठ्यात गेला, पुन्हा येऊन बसला, पुन्हा उठला. माझ्या आजाशी पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. मला वाटलं, आता हा उठणार आणि जाणार. मग एकदम त्याने पेला सुलटा केला. एवढासा आवाज झाला काचेचा, पण तो मला अजून ऐकू येतो. माळ्यावरून उतरताना माझा पाय शिडीवरून सटकला आणि सगळ्यांना कळलं मी कुठे होतो ते. तुझी आई ही गोष्ट तुला किती वेळा सांगायची, आणि दर वेळी शिडी उंच व्हायची. ती गेली आणि ती गोष्ट सांगणारं घरात कोणी उरलं नाही. आता त्या म्हाताऱ्याच्या जागी मी आहे. तो इतका वेळ का उठत-बसत होता, ते मला इथे येऊन कळलं.

मधेच एक फजिती झाली, तीही सांगतो, कारण मी नाही सांगितली तर तुळशीदास तिखटमीठ लावून सांगेल. आपल्या विहिरीचं पाणी मी फिरकीच्या तांब्यात भरून आणलं होतं ना, ते मी पुरवून पुरवून, एकेक घोट घेत होतो. काल बाजारातून वर आलो तर तांब्या सोन्यासारखा लखलखत होता. मी म्हटलं, वा! फिरकी उघडली, मोठा घोट घेतला, आणि तोंडातच थबकलो. आपलं पाणी समुद्राच्या अंगाचं, जरा मचूळ. हे पाणी गोड होतं. खोलीच्या बेअऱ्याने शिळं पाणी म्हणून आपलं ओतून दिलं होतं, तांब्या चिंचेने घासला होता आणि हॉटेलचं गाळलेलं पाणी भरून ठेवलं होतं! आता गिळावं तर लेक दिल्यासारखं, आणि थुंकावं तर गालिच्यावर. गाल फुगवून खिडकीपर्यंत धावलो आणि खालच्या गुलाबांवर सगळं सोडलं. तिथे माळी होता. असो. मग मला धास्ती पडली, जिभेला तर लागलंच, हे धरायचं की नाही? तुळशीदासाने पलंगावर पडल्या पडल्या निकाल दिला, "गिळलं नाय ना? मंग लगीन नाय." तो बेअरा बिचारा दारात उभा राहून बक्षिसाची वाट बघत होता. त्याची काय चूक? मी त्याला शाबासकी दिली. पण आपल्या विहिरीचं पाणी असं परक्या मोरीत वाहून गेलं, ते मला फार लागलं.

आता बॅप्टिस्टबद्दल. तुला त्याच्याबद्दल काही ऐकायचं नसणार, पण मी बघून आलो आहे तर सांगणं भाग आहे. खोड काढायची म्हणून मी त्याच्या मागे मागे फिरलो. पहाटे भट्टीवर जाऊन बसलो. तो कणीक मळतो, तिच्यावर बोटाने क्रूस ओढतो आणि कापड टाकून झोपवतो, आपल्याकडे करतात तसंच. हाताखालच्या माणसांवर ओरडत नाही. दारू पीत नाही; सरकारनेच बंद केली आहे म्हणून नव्हे, तो तसाच पीत नाही. रविवारी मिस्साला गेला तर मागच्या बाकावर बसला. बोलायला कमी. हसला तर बरा दिसतो, पण हसत नाही फारसा. मी त्याला मुद्दाम तिरके प्रश्न विचारले आणि त्याने सरळ उत्तरं दिली. मला राग आला. एवढ्या लांब येऊन एक दोष सापडू नये? शेवटी मी विचारलं की माझ्या मुलीला तू कुठे पाहिलंस? म्हणाला, सुकेळी घ्यायला आलो होतो, नाताळच्या केकात घालून बघायची होती, तेरेसामावशींनी तुमची वाडी दाखवली. मला आठवलं. नोव्हेंबरात मी दवाखान्यात गेलो होतो त्या दिवशी कोणी येऊन पाटीभर सुकेळी घेऊन गेलं, एवढंच तू सांगितलं होतंस. मी त्याला विचारलं, केक बरा झाला का? तो म्हणाला, झाला. आणि त्याचे कान लाल झाले. भट्टीच्या आचेने असेल, असं मी तेव्हा समजलो. म्हातारा माणूस, कितीसं दिसणार!

त्याच दुपारी मी त्या नाचाच्या दालनात जाऊन फेऱ्या मारत बसलो. रिकामंच होतं. तिथली जमीन लाकडी. सगळ्या फळ्या जुन्या, काळसर, आणि मधे मधे हातभर चौकोन नव्या, उजळ फळ्यांचे. झाडणाऱ्या बाईने सांगितलं, तिथे त्या माणसांच्या चुली होत्या, लाकूड जळालं होतं ते बदललं. पाच-पंचवीस चुली, बाय. मी एका उजळ चौकोनावर उभा राहिलो. कोण कुठली माणसं, आपली विहीर, आपली चूल, सगळं टाकून आली आणि साहेबांच्या नाचघरात भाकऱ्या भाजून दिवस काढले त्यांनी. मला वाटलं होतं, भुईगाव सोडलं की माणूस संपतो. मी तर चार दिवसांतच संपत आलोय. पण सगळी माणसं माझ्यासारखी नसतात. तू माझ्यासारखी आहेस असं मी आजवर धरून चाललो होतो, कारण तू कधी काही वेगळं म्हणालीच नाहीस. आई गेल्यावर तू चूल हातात घेतलीस, मग वाडी, मग मला. कधी काही मागितलं नाहीस. आणि मीही इतका शहाणा की मागत नाही म्हणजे नको आहे, असं समजून बसलो.

आज सकाळी तेवढं एकच बघायचं राहिलं होतं, त्याची राहायची जागा. स्वयंपाकघराच्या मागे दोन खोल्या आहेत. एक भिंत भट्टीला लागून, त्यामुळे थंडीतही ऊब. लग्न झालं की दोन्ही खोल्या त्याला मिळणार, असं मॅनेजर म्हणाला. चुना त्याने स्वतः लावलेला दिसतो, कारण वरचे कोपरे राहिलेत. त्याने दार उघडून दिलं आणि पाव करपतील म्हणून तो पळत गेला. मी एकटाच आत. खाट, ट्रंक, खिडकीत तुळशीसारखं काहीतरी लावलेलं. भिंतीवर क्रूस. आणि क्रूसाच्या खिळ्याला टांगलेली सुकेळ्यांची एक पुडी.

सुकेळी काय, त्याने पाटीभर नेली होती, एक पुडी मागे राहिली असेल. मी आधी तसंच म्हटलं. मग जवळ गेलो. विक्रीच्या पुड्यांना आपण केळीच्या सोपटाचे दोन वेढे देतो आणि साधी गाठ मारतो. या पुडीला तिपेडी वेणी होती, वर बोट अडकेल एवढा फास, आणि फासाच्या बुडाशी ती आडवी गाठ. ती गाठ तुझ्या आईची. बाजारच्या पुडीला तिने ती कधी मारली नाही, घरच्या माणसासाठी बाजूला काढलेल्या पुडीलाच मारायची. तिच्यामागे तू मारतेस, आणि ती फक्त माझ्या पुडीला. आताही माझ्या पिशवीत एक आहे, प्रवासाला म्हणून तू दिलेली. मी खोलीवर जाऊन ती घेऊन आलो आणि दोन्ही शेजारी धरून पाहिल्या. त्याची पुडी उघडलेलीसुद्धा नाही. नाताळ गेला, नवं वर्ष गेलं, पोराने गाठ सोडली नाही. मी त्याच्या खाटेवर बसलो. इथे आल्यापासून पहिल्यांदा मी कुठेतरी बसलो आणि लगेच उठावंसं वाटलं नाही.

मग मला तुझं तांग्याजवळचं बोलणं पुन्हा ऐकू आलं. आणि निर्मळहून आलो तेव्हाचं तुझं हसू, आणि तांगा हलताना तू हसली नव्हतीस तेही. दांडी धरलेला तुझा हात किती घट्ट होता! मी त्या हाताकडे बघून मनात म्हणत होतो, पोरीचा माझ्यावर किती जीव. जीव आहेच. म्हणूनच तू नाही म्हणालीस. ते कळलं आणि मी त्या भट्टीच्या भिंतीला टेकून रडलो. सांगायला लाज नाही वाटत.

तिथून सरळ जेवणाच्या दालनात आलो. वेळ जेवणाची नव्हती. तुळशीदास चहा पीत होता. माझ्या जागी पालथा पेला होता, तिथे कायमच असतो तो आता. मी बसलो. बॅप्टिस्ट ताजे पाव घेऊन आत आला, माझ्याकडे न बघता पेल्यावर नजर टाकली आणि परत निघाला. मी पेला सुलटा केला. आवाज एवढासाच झाला, पण तो दारातच थांबला. बेअरा जग घेऊन धावला, तर याने त्याच्या हातून जग घेतला आणि स्वतः ओतलं. निम्मं पेल्यात, निम्मं चादरीवर. मी प्यायलो, बाय. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. तुळशीदास म्हणाला, "सुटलो रे बाबा, मला सुक्या बोंबलाची याद येत व्हती." आणि डोळे पुसले. त्या पुडीबद्दल मी कोणाशी एक अक्षर बोललो नाही. बॅप्टिस्टशीही नाही. ते तुझं आहे.

आता हे पत्र का लिहितोय ते सांगतो. उद्या आम्ही निघतोय, पण मी सरळ घरी येत नाही. सुरतेला ओळखीच्या घरी मुद्दाम थांबणार आहे, म्हणजे हे पत्र माझ्याआधी पोहोचेल आणि तुला जे काही चिडायचं, रडायचं असेल ते माझ्या तोंडाकडे न बघता करता येईल. माझ्या तोंडाकडे बघितलं की तू मला बरं वाटेल तेच बोलतेस. मी तुझं ऐकलं नाही, पहिल्यांदाच. माझी काळजी करून उत्तर देऊ नकोस. मला भाकरी थापता येते, धर्मा आहे, तेरेसा आहे, आणि तुळशीदास कुंपणापलीकडून आयुष्यभर हाका मारणारच आहे. मी ती गाठ चुकीची वाचली असेन तर ओट्यावर तांब्याशेजारी पेला पालथा ठेव. मी एक शब्द विचारणार नाही, रॉक्सबरोला नकार लिहीन, दिलेला शब्द मोडल्याची लाज माझी मी बघून घेईन. बरोबर वाचली असेन तर पेला सुलटा ठेव आणि नेहमीसारखी विहिरीवर उभी राहा. यावेळी मी तहानेला येणार नाही, बाय. तरी दे. मी पिईन.

तुझाच,
बा